मॅनिफोल्ड ‘बसला’ असं कधी म्हणायचं?

नवा इनटेक मॅनिफोल्ड, म्हणजे इंजिनाच्या सिलिंडरांपर्यंत हवा नेणारा भाग, खोक्यातून काढून जुन्याच्या शेजारी ठेवला की आधी नुसतं बघत राहावंसं वाटतं. नळ्या जाड, पोट मोठं, थ्रॉटलचं तोंड रुंद. मग तो सिलिंडरांवरच्या हेडवर टेकवून पाहायचा. पाच स्टड भोकांतून सरळ जातात, सहावा कडेला अडतो. खालून पाण्याच्या पाइपचा गळा लागतो, वरून इंजेक्टरना पेट्रोल देणारी फ्युएल रेल तिरकी येते, आणि ब्रेकचा व्हॅक्यूम पाइप जोडायला नव्या मॅनिफोल्डवर जागाच नसते. इथे बहुतेकांचा हात ग्राइंडरकडे जातो.

तो हात थोडा वेळ थांबावा म्हणून हे लिहितोय. बोल्ट लागले म्हणजे मॅनिफोल्ड बसला असं होत नाही. जुना मॅनिफोल्ड इंजिनाची जी जी कामं निमूटपणे करत होता, ती सगळी नव्याने अंगावर घेतली की तो बसला. म्हणून कापाकापीच्या आधी त्या कामांची यादी हवी. आणि कापायची वेळ आलीच, तर जी वस्तू सहज परत मिळते ती आधी कापायची.

नळी लांब की आखूड

थ्रॉटलमधून आलेली हवा आधी एका पोकळ पेटीत शिरते. तो प्लेनम. तिथून प्रत्येक सिलिंडरकडे एकेक नळी जाते. तो रनर. वरवर पाहता हे टाकी आणि नळ यांच्यासारखं वाटतं, पण इथे हवा सलग वाहत नाही. व्हॉल्व्ह उघडला की हवा धावते. तो बंद झाला की धावती हवा बंद दारावर आदळते. मागची हवा पुढच्या थबकलेल्या हवेवर चढते, दाब वाढतो आणि दाबाचा हा धक्का आवाजाच्या वेगाने नळीतून उलटा प्लेनमकडे निघतो. तिथे नळी एकदम मोकळी होते, तिथून तो परत फिरतो. असा तो नळीत ये-जा करत राहतो, कधी दाब म्हणून, कधी ओढ म्हणून. व्हॉल्व्ह पुन्हा उघडण्याच्या सुमारास दाराशी दाब उभा असेल तर सिलिंडरमध्ये हवा जास्त भरते; ओढ असेल तर कमी.

आकडे घालून पाहू. ६,००० आरपीएमला क्रँकचा एक फेरा १० मिलिसेकंदांत होतो. फोर स्ट्रोक इंजिनात एका सिलिंडरचा इनटेक व्हॉल्व्ह दोन फेऱ्यांत एकदा उघडतो, म्हणजे दर २० मिलिसेकंदांनी. समजा तो क्रँकचे २४० अंश उघडा राहतो, तर बंद राहण्याचा वेळ उरतो सुमारे १३ मिलिसेकंद. साधारण हवामानात आवाज सेकंदाला ३४० मीटरच्या आसपास जातो. तेवढ्या वेळात धक्का जवळजवळ साडेचार मीटर कापतो. व्हॉल्व्हपासून प्लेनमपर्यंत ३५ सेंटिमीटर अंतर असेल तर त्याच्या सहाएक फेऱ्या होतात. आता इंजिन ३,००० आरपीएमवर आणा. बंद वेळ दुप्पट झाला. तीच जुळणी इथे हवी असेल तर नळीही दुप्पट लांब लागेल. म्हणून लांब रनर खालच्या आणि मधल्या आरपीएमला ताकद देतो, आखूड रनर वरच्या.

ही काही कागदावरची गोष्ट नाही. १९६० च्या क्रायस्लर ३००एफ गाडीच्या व्ही-८ इंजिनावर रनर सुमारे ३० इंच लांब होते, म्हणजे ७५ सेंटिमीटरहून जास्त. इतके लांब की एका बाजूच्या सिलिंडरांचा कार्ब्युरेटर इंजिनाच्या दुसऱ्या बाजूला, फेंडरजवळ जाऊन बसला होता. रस्त्यावर ओव्हरटेक करताना मधल्या आरपीएमला जोर मिळावा हा हेतू. जास्त वेगासाठीच्या आवृत्तीत बाहेरून तसाच दिसणारा मॅनिफोल्ड होता, पण आतल्या भिंती कापून नळीची खरी लांबी अर्ध्यावर आणली होती. बाहेरचं कास्टिंग जवळपास तेच, इंजिनाचा स्वभाव वेगळा. पुढे १९९१ मध्ये ल मान्सची २४ तासांची शर्यत जिंकलेल्या माझदा ७८७बी गाडीत तर रनर दुर्बिणीसारखे सरकत लांब-आखूड होत, म्हणजे प्रत्येक आरपीएमला हवी ती लांबी.

आपल्याकडे सरकणारे रनर नसतात. त्यामुळे ‘अपग्रेड’ हा शब्द ऐकला की पहिला प्रश्न विचारायचा: कुठल्या आरपीएमला अपग्रेड? बाजारात मिळणारे बहुतेक परफॉर्मन्स मॅनिफोल्ड आखूड आणि जाड रनरचे, मोठ्या प्लेनमचे असतात. ते वर, ५,५००-६,००० च्या पुढे, श्वास मोकळा करतात. गाडी रोज २,०००-३,५०० मध्ये चालणार असेल तर असा मॅनिफोल्ड बसवल्यावर ती आधीपेक्षा मंद वाटेल, आणि त्यात बसवणाऱ्याची चूक नसेल. माझ्या मते निम्म्या लोकांनी इथेच थांबून जुना मॅनिफोल्ड ठेवावा.

यातून जोडकामासाठीही एक गोष्ट कळते. हेड आणि मॅनिफोल्डच्या मध्ये अडॅप्टर प्लेट टाकली तर तेवढी रनरची लांबी वाढते. थ्रॉटलच्या तोंडाशी टाकली तर रनर जसेच्या तसे राहतात.

जुन्याची कामं लिहून काढा

जुना मॅनिफोल्ड काढण्याआधी, तो इंजिनावर असतानाच, सगळ्या बाजूंनी फोटो काढा. मग कागद घेऊन त्याला लागलेला प्रत्येक पाइप, प्रत्येक कपलर, प्रत्येक ब्रॅकेट लिहा. समोर त्याचं काम लिहा. हे फार कंटाळवाणं काम आहे आणि पूर्ण प्रकल्पातलं सगळ्यात महत्त्वाचंही.

व्हॅक्यूमच्या जोरावर ब्रेक हलका करणाऱ्या बूस्टरचा जाड पाइप. इंजिनाच्या क्रँककेसमधली वाफ परत आत खेचणारा पीसीव्हीचा पाइप. टाकीतली पेट्रोलची वाफ आणणारा पाइप. मॅनिफोल्डमधला दाब मोजणारा मॅप सेन्सर, हवेच्या तापमानाचा सेन्सर, जुन्या इंजिनांत आयडलिंग सांभाळणारा व्हॉल्व्ह. एक्झॉस्टचा थोडा गॅस परत आणणारी ईजीआरची वाट. बऱ्याच इंजिनांत कूलंटही मॅनिफोल्डमधूनच जातो. त्याची वाट बंद केली तर पाणी कुठे जाणार याचं उत्तर आधी हवं. वायरिंगच्या पट्ट्या, डिपस्टिकची नळी, अल्टरनेटरचा वरचा आधार ही कामंसुद्धा कधी कधी मॅनिफोल्डच्याच गळ्यात असतात.

जनरल मोटर्सच्या एलएस-१ आणि एलएस-६ या दोन व्ही-८ इंजिनांचं उदाहरण इथे चपखल आहे. दोन्ही ५.७ लिटरची, एकाच घराण्यातली, हेडवरचे पोर्टही, म्हणजे हवा आत जायची तोंडंही, एकाच आकाराची. २००१ पासून आलेला एलएस-६ चा मॅनिफोल्ड जास्त हवा देतो, म्हणून तो १९९७ ते २००० च्या एलएस-१ वर चढवायची पद्धत पडली. बोल्ट बरोबर लागतात. पण नव्या मॅनिफोल्डचं पोट खाली उतरलेलं आहे, आणि त्या आधीच्या इंजिनांत हेडच्या चारही कोपऱ्यांतून कूलंटमधली वाफ नेणाऱ्या बारीक नळ्या आहेत. मागच्या दोन कोपऱ्यांतली नळी बरोबर त्या पोटाखाली येते. उपाय असा, की २००१ नंतरच्या इंजिनांसारखी फक्त पुढची नळी ठेवायची आणि मागची दोन भोकं त्यासाठीच बनवलेल्या झाकणांनी बंद करायची. मॅनिफोल्डला ग्राइंडर लावायचा नाही. शिवाय ईजीआरची जागा नव्या मॅनिफोल्डवर नाही, त्यामुळे ज्या गाडीत ईजीआर होता तिथे नवा प्रश्न उभा राहतो. प्रदूषणाच्या नियमांखाली ईजीआर किंवा पीसीव्ही काढून टाकणं अनेक देशांत बेकायदा आहे, तेव्हा ‘ते नकोच, बंद करू’ म्हणण्याआधी तुमच्याकडचा नियम पाहा. पीसीव्ही तर नियम नसला तरी काढू नये. तो नसेल तर क्रँककेसमधला दाब तेल सीलमधून बाहेर ढकलतो.

यादीतल्या प्रत्येक ओळीसमोर नव्या मॅनिफोल्डवरची जागा लिहिली की न जुळणाऱ्या ओळी आपोआप वेगळ्या पडतात. खरं काम तेवढंच.

कोरडी जोडणी

गॅसकेट ठेवून, पण सीलंट न लावता, मॅनिफोल्ड दोन-तीन बोल्टवर हलका टेकवा. अजून काहीही कापायचं नाही. आधी बघायचं: फ्लँज, म्हणजे मॅनिफोल्डची हेडला लागणारी सपाट पट्टी, हेडवर सगळीकडे सपाट टेकतो का, की कुठेतरी काही अडून एक टोक उचललंय?

अडतंय कुठे हे डोळ्याला नेहमी दिसत नाही. संशयाच्या जागी मऊ मातीचा चपटा गोळा चिकटवा, मॅनिफोल्ड दाबून बसवा, पुन्हा काढा. माती किती चेपली ते मोजलं की किती जागा कमी आहे ते मिलिमीटरमध्ये कळतं. बोनेटखालीही हेच: प्लेनमच्या सगळ्यात उंच जागी गोळा ठेवून बोनेट हळूच लावा आणि उघडा. इथे एक गोष्ट विसरायला होते. इंजिन रबरी माउंटवर उभं असतं, रेस दिली की ते डोलतं. उभ्या गाडीत ३ मिलिमीटर अंतर दिसत असेल तर चालत्या गाडीत ते शून्य असतं. किमान १५ ते २० मिलिमीटर सोडा.

आता कापायचा क्रम. पहिला नंबर ब्रॅकेटचा; पत्र्याचं ब्रॅकेट वाकवता येतं, नवं करता येतं. मग पाइप आणि होज: वाट बदला, वेगळ्या कोनाचा गळा लावा. मग पाण्याचं आउटलेट किंवा थर्मोस्टॅटची हाउसिंग, कारण ती सुटी मिळते आणि तिच्या जागी वेगळ्या कोनाच्या हाउसिंगही मिळतात. त्यानंतर अडॅप्टर. एवढं करून भागलं नाही तर मॅनिफोल्डच्या अंगावरचं जास्तीचं मांस: न वापरलेला बोल्टचा उंचवटा, कास्टिंगची कड, रिब. सिलिंडर हेडला हात लावायचा नाही. हेड बिघडलं तर मॅनिफोल्डचा प्रश्न संपून इंजिन खोलण्याचा प्रश्न सुरू होतो.

मांस काढतानाही भिंतीची जाडी माहीत हवी. कास्ट ॲल्युमिनियमची भिंत साधारण ३ ते ५ मिलिमीटर असते, पण कास्टिंगमध्ये गाभा थोडा सरकलेला असेल तर एका बाजूला ती बरीच पातळ निघते. माझ्या हातून हे घडलंय. रनरच्या खालचा उंचवटा थर्मोस्टॅट हाउसिंगला लागत होता. कानशीने घासत गेलो, बसवून पाहिला, अजून थोडं, पुन्हा बसवला. शेवटचा एक मिलिमीटर ग्राइंडरने उडवला कारण संध्याकाळ झाली होती. जागा गुळगुळीत, चकचकीत दिसत होती. आठवड्याभरात आयडलिंग वर-खाली व्हायला लागलं, आणि थंड इंजिनावर बारीक शिट्टी. गॅसकेट दोनदा बदललं. शेवटी धूर सोडून पाहिलं तेव्हा त्या चकचकीत जागेतून दोऱ्याएवढी धुराची रेघ सरळ वर आली. भोक टाचणीच्या टोकाहून लहान होतं. तेव्हापासून घासायच्या आधी रनरच्या आतून-बाहेरून कॅलिपर लावून जाडी मोजतो आणि ती जागेवरच मार्करने लिहून ठेवतो.

मॅनिफोल्ड प्लॅस्टिकचा असेल तर यातलं काहीच करू नका. तो काचतंतू मिसळलेल्या नायलॉनचा असतो आणि बऱ्याचदा दोन-तीन कवचं घासून चिकटवलेली असतात. त्या सांध्यावर कानस फिरली की तिथली ताकद गेली. एखादा बॅकफायर झाला तर तो सांधाच उकलतो. प्लॅस्टिकच्या मॅनिफोल्डसाठी आजूबाजूच्या वस्तू बदलायच्या.

पोर्ट, फ्लँज आणि आर्गन

हेडचं पोर्ट आणि मॅनिफोल्डचं पोर्ट यांच्या कडा कधीच तंतोतंत जुळत नाहीत. जुळवायला फ्लँजवर मार्किंगची निळी शाई फासा, ज्या बोल्टांवर तो बसणार त्याच बोल्टांवर गॅसकेट धरून सुईने कड आखा. हेडवरही तसंच. आता हवेच्या दिशेने विचार करा. मॅनिफोल्डमधून हेडकडे जाताना हवेच्या तोंडावर पायरी येत असेल, म्हणजे हेडचं पोर्ट लहान असेल, तर ती हवा आपटवते. ही पायरी घालवली पाहिजे. उलट मॅनिफोल्डचं तोंड हेडपेक्षा मिलिमीटरभर लहान असेल तर ते चालतं, काही जण मुद्दाम तसं ठेवतात, कारण उलटी फिरणारी हवा त्या पायरीला अडते. म्हणून दोन्ही बाजू ‘मोठ्या’ करत सुटू नका. आणि सगळं गुळगुळीत आरशासारखं करायची गरज नाही. कड आत २०-२५ मिलिमीटरपर्यंत हळूहळू मिसळली की पुरे.

पोर्टचा आकारच वेगळा असेल, हेडवर उभट आणि मॅनिफोल्डवर चौकोनी, तर घासून काही होणार नाही. तिथे जाड अडॅप्टर हवा, ज्याच्या आत एक आकार दुसऱ्यात वळत जातो. किंवा जुना फ्लँज कापून नव्या रनरांना जोडायचा.

ॲल्युमिनियमचं वेल्डिंग म्हणजे गॅरेजच्या भाषेत आर्गन. ॲल्युमिनियम ६६० अंश सेल्सिअसला वितळतं, पण त्याच्या अंगावर जी ऑक्साइडची पापुद्र्यासारखी साय असते ती २,००० अंशांच्याही वर. म्हणून एसी करंटवर काम करतात; करंट उलटसुलट होताना ती साय फुटते. वापरलेल्या मॅनिफोल्डच्या छिद्रांत वर्षानुवर्षांचं तेल मुरलेलं असतं, ते गरम झालं की वेल्डमध्ये फुगे येतात. आधी डीग्रीझर, मग गरम करून पुसणं, मग स्टेनलेसचा वेगळा ब्रश. पण सगळ्यात मोठा धोका वाकण्याचा. चार रनर एका फ्लँजला वेल्ड केले की थंड होताना फ्लँज केळ्यासारखा वळतो. त्यासाठी तो जाड लोखंडी प्लेटवर सगळ्या बोल्टांनी आवळून मगच वेल्ड करायचा आणि पूर्ण थंड झाल्यावरच सोडायचा. तरीही नंतर मशीनवर फेस मारावाच लागतो, हे गृहीत धरून फ्लँज मिलिमीटर-दीड मिलिमीटर जास्त जाड ठेवा. सरळपट्टी ठेवून खाली फीलर गेज घालून पाहा; ०.१ मिलिमीटरचं पान आत जायला नको.

फ्लँजची भोकं बोल्टच्या मापाची अगदी घट्ट ठेवू नका. ४० सेंटिमीटरचा ॲल्युमिनियमचा फ्लँज ७० अंशांनी तापला की सुमारे ०.६५ मिलिमीटर लांबतो. हेड बिडाचं असेल तर ते साधारण त्याच्या निम्मंच वाढतं. एम-८ बोल्टला ८.५ ते ९ मिलिमीटरचं भोक हवं.

बोल्टची लांबीही बदलते. नवा फ्लँज जुन्यापेक्षा ६ मिलिमीटर जाड असेल आणि जुनेच बोल्ट लावले तर ॲल्युमिनियमच्या हेडमध्ये मोजून चार आटे धरतात आणि आवळताना सुटून येतात. एम-८ साठी १२ ते १६ मिलिमीटर धर असावी. उलट बोल्ट जास्त लांब असेल तर तो भोकाच्या तळाला टेकतो; पाना म्हणतो घट्ट, फ्लँज मात्र सैल. गॅसकेट नसताना हाताने बोल्ट घालून किती आत जातो ते मोजा.

थ्रॉटल, भोकं आणि सेन्सर

थ्रॉटल बॉडीचे चार बोल्ट क्वचितच जुळतात. १० ते १२ मिलिमीटर जाड ॲल्युमिनियमची प्लेट, तिच्यावर दोन्ही मापांची भोकं, आणि आतलं तोंड एका व्यासातून दुसऱ्यात उतरतं. या प्लेटचे बोल्ट जर आतल्या बाजूला उघडे असतील तर त्यांना थ्रेडलॉक लावल्याशिवाय पुढे जाऊ नका. तिथला सुटलेला बोल्ट एकाच दिशेला जातो. केबलचा थ्रॉटल असेल तर केबलचा कोन बदलतो. ब्रॅकेट असं बसवा की पाय उचलला की थ्रॉटलची झडप आपोआप पूर्ण बंद व्हायलाच हवी. इंजिन बंद असताना दहा वेळा दाबून सोडून पाहा. इलेक्ट्रॉनिक थ्रॉटल असेल तर शक्यतो जुनाच वापरा. किती अंशाला किती हवा जाते हे ईसीयूमध्ये, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरमध्ये, भरलेलं असतं. ६० ऐवजी ७० मिलिमीटरचा थ्रॉटल म्हणजे क्षेत्रफळ ३६ टक्के जास्त, आणि ईसीयूला त्याचा पत्ता नाही.

व्हॅक्यूमसाठी नवं भोक पाडताना जागा विचारून ठरवा. ब्रेक बूस्टर आणि मॅप सेन्सर प्लेनमवर हवेत, एखाद्या रनरवर नकोत; रनरमधला दाब प्रत्येक स्ट्रोकला नाचत असतो. पीसीव्हीचा पाइप तर प्लेनमच्या सुरुवातीला, थ्रॉटलजवळ. तो एका रनरला जोडला की सगळी तेलकट वाफ एकाच सिलिंडरच्या वाट्याला जाते. निमुळत्या आट्यांचा टॅप मारताना तो किती खोल न्यायचा हे निपल फिरवून बघत बघत ठरवा. जास्त खोल गेला तर निपल घट्टच होत नाही.

इंजेक्टरच्या जागा बदलल्या असतील तर सगळ्यात जास्त वेळ तिथे द्या. इंजेक्टरचा फवारा व्हॉल्व्हच्या पाठीवर पडावा असा त्याचा कोन असतो. समोरच्या भिंतीवर पडला तर पेट्रोल भिंतीला चिकटतं आणि रेस देताना गाडी अडखळते. रेल बसवल्यावर प्रत्येक इंजेक्टर बोटांनी थोडा फिरला पाहिजे, पण वर-खाली हलता कामा नये. ओ-रिंग नवीन, इंजिन ऑइलचं बोट लावलेली. आतला दाब बऱ्याच गाड्यांत ३ बारच्या आसपास असतो, म्हणून जुनी रेल काढण्याआधी दाब सोडायचा, बॅटरी काढायची आणि इंजिन थंड असायला हवं.

जोडण्याच्या दिवशी

कापलेल्या ॲल्युमिनियमचा बुरा चुंबकाला चिकटत नाही. हे वाक्य मी भिंतीवर लिहून ठेवीन. त्यामुळे मॅनिफोल्डवरचं सगळं काम गाडीपासून दूर करा, आणि हेडच्या उघड्या पोर्टवर चिंधी कोंबण्याऐवजी रुंद टेप चिकटवा. चिंधी विसरली जाते. काम झाल्यावर मॅनिफोल्ड साबणाच्या गरम पाण्याने, लांब ब्रश घालून धुवा, हवेने उडवा, पुन्हा धुवा. शेवटी पांढरं फडकं आतून फिरवा. त्यावर चमकणारा एक कण दिसला तरी परत धुवा.

बसवण्याआधी पोर्टना प्लेट आणि रबर लावून आत अगदी हलका दाब द्या, ०.२-०.३ बार, त्याहून जास्त नाही, आणि बाहेरून साबणाचं पाणी. बुडबुडे आले तर अजून टेबलावरच आहात.

बोल्ट मधून बाहेरच्या दिशेने, दोन-तीन फेऱ्यांत. आकडा तुमच्या इंजिनाच्या मॅन्युअलमधलाच. वर सांगितलेल्या एलएस इंजिनाच्या नायलॉन मॅनिफोल्डला पहिल्या फेरीत ५ आणि दुसऱ्या फेरीत फक्त १० न्यूटन-मीटर लागतात. मनगटाच्या अंदाजाने आवळणारा माणूस त्याच्या दुप्पट सहज देतो. सीलंट लावायचाच असेल तर सेन्सरला चालणारा आणि अगदी पातळ. बाहेर जेवढा ओघळ दिसतो तेवढाच आत असतो.

चावी फक्त ऑन करून पंप चालू द्या, बंद करा, पुन्हा ऑन. टॉर्च घेऊन प्रत्येक इंजेक्टर आणि सांधा कोरडा आहे का पाहा. मगच स्टार्टर.

आयडलिंगला मॅनिफोल्डमध्ये दाब साधारण ३०-४० किलोपास्कल असतो आणि बाहेर १००. त्यामुळे प्रत्येक फट हवा आत ओढते. हवा मोजणारा सेन्सर असलेल्या गाडीत ही चोरटी हवा मोजली जात नाही, मिश्रण पातळ होतं, मिसिंग येतं. मॅप सेन्सरवर चालणाऱ्या गाडीत उलट दाब वाढलेला दिसतो, ईसीयू पेट्रोलही वाढवतं आणि आयडलिंगच वर चढतं. म्हणून लक्षणावरून गोंधळू नका, धूर सोडून तपासा. गरम इंजिनावर पेट्रोल किंवा स्प्रे मारून लीक शोधायची सवय सोडा, आग लागते.

स्कॅनर लावून फ्युएल ट्रिम, म्हणजे ईसीयू ठरलेल्यापेक्षा पेट्रोल किती वाढवतं-घटवतं तो आकडा, पाहा. आयडलला १० टक्क्यांहून जास्त भर दिसत असेल आणि रेस दिल्यावर ती कमी होत असेल तर हवा कुठूनतरी शिरतेय. आयडल ठीक, पण वरच्या आरपीएमला मिश्रण पातळ होतंय, तर मॅनिफोल्ड आपलं काम करतोय आणि ईसीयूचा मॅप (सेन्सर नव्हे, किती हवेला किती पेट्रोल हा तक्ता) मागे पडलाय. मॅप सेन्सरच्या गाडीत तर हे होणारच, कारण हवेचा हिशेब जुन्या मॅनिफोल्डचा आहे. नवा मॅप होईपर्यंत पूर्ण रेस देऊ नका. लोडवर पातळ मिश्रण म्हणजे नॉकिंग, सिलिंडरमधलं मिश्रण आपोआप भडकून बसणारे ठोके, आणि नॉकिंगने पिस्टन जातो.

गाडी दाराबाहेर काढण्याआधी शेवटचं. इंजिन बंद ठेवून ब्रेक पाच-सहा वेळा मारा, पॅडल कडक होईल. तसाच पाय दाबून धरा आणि इंजिन चालू करा. पॅडल पायाखाली थोडं खाली उतरायला हवं. उतरलं नाही तर बूस्टरला व्हॅक्यूम पोचत नाही. इंजिन बंद करून तो पाइप आणि त्यातला एकतर्फी व्हॉल्व्ह उलटा बसलाय का ते आधी पाहा.